रुग्ण जागा हवा

भूलतज्ज्ञ म्हणून अठरा वर्षे काम केल्यानंतर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वेदनेवरचे उपचार शिकायला मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. सोलापुरातल्या आठ-दहा नर्सिंग होममध्ये मी भूल देत असे. स्वतःचे रुग्णालय नाही, स्वतःची ओपीडी नाही. गाडीच्या डिक्कीत लॅरिंगोस्कोप, ट्यूब, स्पायनलच्या सुया आणि औषधांचा डबा ठेवायचा आणि रात्री-अपरात्री फोन आला की निघायचे, असा हा व्यवसाय असतो. त्यात रुग्णाशी बोलणे फार थोडे होते. शेवटचे जेवण कधी झाले, दमा, रक्तदाब, साखर यांपैकी काही आहे का, एखादा दात हलतो का, एवढे विचारून होईपर्यंत सर्जनचे हात धुऊन झालेले असतात. त्यानंतर रुग्ण झोपतो किंवा कमरेखाली बधिर होतो, आणि तो काही बोलला नाही म्हणजे भूलतज्ज्ञाने काम चोख केले असे धरले जाते.

या शिक्षणाला निमित्त झाल्या माझ्या सासूबाई. त्यांच्या छातीवर डाव्या बाजूला नागीण उठली. फोड तीन आठवड्यांत सुकले, पण त्या पट्ट्यातली आग पुढे दीड वर्ष गेली नाही. पदर लागला तरी सहन होत नसे, म्हणून त्या ओला पंचा अंगावर घेऊन बसत. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या गाठीत वर्षानुवर्षे दडून राहतो, उतारवयात उसळतो आणि जाताना तंतू दुखावून जातो, हे मला ठाऊक होते. गोळ्याही मीच लिहून दिल्या होत्या. त्यांनी गुंगी तेवढी यायची. एकदा त्या सहज म्हणाल्या, “तू तर सगळ्या गावाला बधिर करतेस की गं.” त्यात टोमणा नव्हता, पण ते माझ्या मनात राहिले. शस्त्रक्रियेच्या दोन तासांपुरती वेदना थांबवण्यात मी तरबेज होते. दीड वर्ष चाललेल्या वेदनेपुढे काय करायचे असते, हे मला कोणी शिकवलेच नव्हते.

पुण्यातल्या एका रुग्णालयात पेन क्लिनिक, म्हणजे न थांबणाऱ्या वेदनेवर उपचार करणारा विभाग, होते आणि तिथे एक वर्षाची फेलोशिप होती. विभागप्रमुख साठीच्या पुढच्या एक बाई, मूळच्या भूलतज्ज्ञच. आम्ही सारे त्यांना मॅडम म्हणत असू. आम्ही तीन फेलो होतो: मी, बिहारमधून आलेले एक डॉक्टर आणि केरळची एक मुलगी, जी माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होती आणि सोनोग्राफीचा प्रोब माझ्यापेक्षा चौदा पटींनी बरा धरत असे. घरी मुलगी नववीत होती. सोमवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आणि शनिवारी संध्याकाळी परत, असे ते वर्ष गेले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी ओपीडीत एक नियम सांगितला. केसपेपरवर तक्रार लिहायची ती रुग्णाच्या तोंडच्या शब्दांत आणि देवनागरीत. मी सवयीने ‘एलबीपी, सहा महिने’ असे लिहिले होते. एलबीपी म्हणजे लो बॅक पेन, कंबरदुखी. मॅडमनी कागद हातात घेतला, समोरच्या गृहस्थांकडे पाहिले आणि मला विचारले, “हे असं म्हणाले का ते?” ते तसे म्हणालेच नव्हते. ते म्हणाले होते, “कमरेत भरून येतं, आन खोकलो की करंट उतरतो पायात.” मॅडमनी माझी ओळ खोडून ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि ‘भरून येतं’ आणि ‘करंट उतरतो’ या दोन जागांखाली दोन वेगळ्या रेघा ओढल्या. भरून येणारी कंबर बहुधा स्नायूंची किंवा मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांची असते. खोकताना पायात उतरणारा करंट हा मज्जातंतूच्या मुळाचा. माणूस एक, दुखणी दोन, आणि मी ती इंग्रजीच्या तीन अक्षरांत एकत्र करून टाकली होती.

पुढे या नियमाची गोडी लागली. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, शिणक, ओढ, आग, मुंग्या, चावल्यासारखे, पिळल्यासारखे, कुणी सुरी फिरवल्यासारखे. मराठीत वेदनेचा संसार केवढा मोठा आहे हे मला मातृभाषेत चाळीस वर्षे काढून कळले नव्हते. शब्दावरून निदान होत नाही, आणि मॅडम तसे कधी मानतही नसत. पण ‘आग’ आणि ‘मुंग्या’ म्हणणाऱ्याच्या कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून पाहिला पाहिजे आणि ‘जिना उतरताना कळ’ म्हणणाऱ्याला टेबलावर न निजवता आधी जिन्यावर नेले पाहिजे, इतके त्यावरून ठरत असे. बिहारच्या डॉक्टरांना ‘सणक’ हा शब्द कळेना, कारण हिंदीत सनक म्हणजे डोक्यातले खूळ. एका आजींच्या तोंडून ‘पायात सणक जाते’ ऐकून ते गोंधळले होते, आणि नंतर महिनाभर आमच्या खोलीत ‘आज कुणाच्या पायात सनक’ हा विनोद चालला.

बुधवारी दुपारी वर्ग असे. त्यात पहिल्यांदा जॉन बोनिका यांचे नाव निघाले. इटलीत १९१७ साली जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा भूलतज्ज्ञ वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मुखवटा घालून कुस्त्या खेळत असे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात भुलेचा विभाग सांभाळताना त्याने असे सैनिक पाहिले, ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण वेदना संपत नव्हती, आणि एकट्या कुणा डॉक्टरला ती उलगडत नव्हती. त्यातून वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून एक रुग्ण पाहण्याची पद्धत निघाली, १९५३ साली त्याचा वेदनेवरचा ग्रंथ आला आणि १९७३ साली वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. कुस्तीने मोडलेले सांधे घेऊन तो स्वतःही जन्मभर दुखण्यातच जगला. याच संघटनेने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा तिच्या जोडीच्या टिपणांत, एखादी व्यक्ती मला वेदना होते असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. मॅडम ते वाचून दाखवत आणि लगेच दुसरा कागद काढत. तो १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास होता. कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी तरी मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली. म्हणजे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि चित्रावर संशय घ्यायचा. मी आजवर नेमके उलट करत आले होते.

हाताचे शिक्षण, म्हणजे वेदना वाहून नेणाऱ्या नसेपर्यंत सुई नेण्याचे, सी-आर्मपासून सुरू झाले. सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र. ते रुग्णाभोवती फिरवून सुईचे टोक हाडांच्या संदर्भात कुठे आहे ते पडद्यावर पाहता येते. पाच-सहा किलोचा शिशाचा एप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा, छातीवर एप्रनच्या आत अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बिल्ला, जो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. भारतात अणुऊर्जा नियामक परिषदेने अशा कामगारांसाठी कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही किरणांच्या मात्रेची मर्यादा घातली आहे. आकडे पाठ झाले, तरी हात किरणांच्या वाटेतून बाहेर काढण्याची सवय लागायला दोन महिने गेले, कारण भूल देणाऱ्याचा हात सुई सोडायला तयार नसतो. मॅडम पडद्यावर माझ्या बोटांची हाडे दिसली की पायाने पॅडल सोडत आणि म्हणत, “डॉक्टर, हे चित्र कुणाचं आहे?”

कमरेच्या मणक्यावर यंत्र तिरके धरले की पडद्यावर एक कुत्रा दिसतो, असे सगळी पुस्तके सांगतात. तो स्कॉटिश जातीचा छोटा केसाळ कुत्रा आम्हा तिघांपैकी कुणीही प्रत्यक्षात पाहिलेला नव्हता. पेडिकल हा मणक्याचा आखूड दांडा म्हणजे त्याचा डोळा, वरचा सांध्याचा उंचवटा म्हणजे कान, आडवा काटा म्हणजे नाक. कान आणि नाक जिथे मिळतात त्या खाचेत, डोळ्याच्या वरच्या कोपऱ्याशी, लहान सांध्याची वेदना वाहून नेणारी बारीक नस हाडाला चिकटून जाते. पहिले तीन आठवडे मला कुत्रा दिसलाच नाही, ढग तेवढे दिसत. एके दिवशी अचानक दिसला, आणि मग तो प्रत्येक मणक्यात दिसू लागला, पाच कुत्रे एकाखाली एक बसलेले. त्या रात्री मी मुलीला फोनवर चित्र काढून पाठवले. ती म्हणाली, हा तर आपल्या गल्लीतला मोत्या आहे.

या नसेचे काम चटकन उरकत नाही. आधी त्या जागी अर्धा मिलिलिटर बधिर करण्याचे औषध सोडायचे आणि रुग्णाला घरी पाठवून सांगायचे की आज नेहमीची कामे करा, वाका, उठा, आणि दर तासाला किती फरक पडला ते वहीत लिहा. फरक पडला नाही तर ती नस दोषी नाही. पडला तर दुसऱ्या दिवशी नव्हे, काही दिवसांनी पुन्हा तीच चाचणी, आणि दोन्ही वेळा चांगला आराम पडला तरच रेडिओफ्रीक्वेन्सीची सुई: टोकाशी ८० अंश सेल्सिअस उष्णता, सुमारे दीड मिनिट, की तेवढी नस काही महिने ते वर्षभर निरोप पोहोचवत नाही. नंतर ती पुन्हा वाढते. हे सगळे रुग्णाला आधी सांगायचे असते. ‘एका इंजेक्शनात कायमची सुटका’ अशी पाटी मी परवाच एका शहरात पाहिली आणि मला मॅडमची वही-पेन्सिल आठवली.

शवावरचा सराव दोनदा झाला. देहदान केलेल्या व्यक्तींचे देह शरीरशास्त्र विभागात होते. सुरू करण्याआधी मॅडम मिनिटभर स्तब्ध उभ्या राहत आणि आम्हीही. वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेन या संस्थेची एफआयपीपी ही सुईने वेदनेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा २००१ पासून घेतली जाते आणि तिचा प्रात्यक्षिक भाग शवावरच असतो. केरळची मुलगी त्या परीक्षेची तयारी करत होती, त्यामुळे ती घड्याळ लावून सुया घालत असे. मी घड्याळ लावले नाही. मानेच्या मणक्यात सुई एक सेंटिमीटर पुढे गेली तर नेमकी कुठे पोहोचते, हे तिथे कातडी उघडून पाहता आले, आणि तो एक सेंटिमीटर मी आजही विसरलेले नाही.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगते.

इंदापूरकडचे एक चौसष्ट वर्षांचे शेतकरी आले होते. उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ. वारा लागला, घास चावला, चूळ भरली की सुरू. गालावर उपरणे गुंडाळलेले. डावी बाजू दाढी केलेली आणि उजव्या गालावर चार महिन्यांचे पांढरे खुंट, कारण वस्तरा लावणे शक्यच नव्हते. सुरुवातीला दातांचे दुखणे समजून दोन दाढा काढून झाल्या होत्या, आणि ही या आजारातली नेहमीचीच कथा आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या मोठ्या संवेदी नसेचा आजार. कार्बामाझेपिनने आधी उतार पडला, पण मात्रा वाढवल्यावर तोल जाऊ लागला आणि रक्तातले सोडियम घसरले. एमआरआयमध्ये गाठ नव्हती. कवटी उघडून नसेवरची रक्तवाहिनी दूर करण्याची शस्त्रक्रिया हा एक चांगला मार्ग असतो, पण त्यांचे हृदय अशक्त होते आणि ते स्वतःही नको म्हणत होते. तेव्हा उरली सुई.

ही सुई ओठाच्या कोपऱ्याच्या बाहेर अडीच-तीन सेंटिमीटरवर गालात शिरते आणि कवटीच्या तळाशी फोरामेन ओव्हाले नावाचे जे लांबट छिद्र असते त्यातून आत जाते. सी-आर्म हनुवटीखालून वर धरून ते छिद्र पडद्यावर आणावे लागते. सुई आत जाताना रुग्णाला फार दुखते, म्हणून तेवढ्यापुरते प्रोपोफॉल देऊन झोपवायचे, आणि सुई पोहोचताच पूर्ण जागे करायचे. कारण पुढचा भाग त्याच्यावाचून होऊच शकत नाही. सुईच्या टोकातून हलका विद्युतप्रवाह, सेकंदाला ५० स्पंदने, अर्ध्या व्होल्टच्या आत, सोडायचा आणि विचारायचे: मुंग्या कुठे येतात? नसेच्या तीन शाखा एकमेकींना चिकटून असतात. कपाळाची, गालाची, जबड्याची. वेदना गालाची आणि सुई कपाळाच्या शाखेत असेल, तर जाळायला गेलो एक आणि जाते डोळ्याच्या बुबुळाची संवेदना. हे रुग्णाशिवाय दुसरे कुणी सांगू शकत नाही.

झोपवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते. ते मला शिकवावे लागत नाही असे मला वाटत होते, आणि मॅडमनाही वाटले असावे. सुई गालातून आत जाताना काकांचे पाय हलले, भुवया आक्रसल्या, आणि माझ्या अंगठ्याने विचार न करता आणखी औषध ढकलले. रुग्ण हलला की औषध वाढवायचे, हे माझ्या हातात अठरा वर्षे मुरलेले. सुई छिद्रात गेली. मॅडम म्हणाल्या, “उठवा.” मी हाक मारली. काका घोरत होते.

चौसष्ट वर्षांचे अशक्त हृदयाचे शरीर. औषध उतरायला वेळ लागणारच. प्राणवायू चांगला होता, नाडी चांगली होती, घाबरण्यासारखे काही नव्हते. फक्त थांबायचे होते. मॅडम डाव्या हाताने सुईचा मूठभाग धरून उभ्या राहिल्या, कारण रुग्ण एकदम दचकला तर ती सुई मेंदूच्या तळाशी आहे. घड्याळात अकरा मिनिटे. शिशाच्या एप्रनखाली त्यांच्या पाठीवर घामाचा पट्टा उमटलेला मला मागून दिसत होता. टेक्निशियनने स्टूल पुढे सरकवले, त्यांनी मान हलवून नको म्हटले. मला त्या काही बोलल्या नाहीत. एकदाच, पडद्याकडे पाहत, अगदी हळू म्हणाल्या, “आता यांच्याशिवाय आपल्याला कोण सांगणार?”

काका जागे झाले तेव्हा आधी त्यांनी बैलांची चौकशी केली. मग भान आले. प्रवाह सुरू केला. “हनुवटीला येतात मुंग्या,” ते म्हणाले. म्हणजे जबड्याची शाखा. मॅडमनी सुई दोन मिलिमीटर पुढे नेली. “आता ओठाला. वरच्या.” आणखी थोडी. काकांचे डोळे एकदम उघडले आणि त्यांनी उजवा हात वर आणायचा प्रयत्न केला, जो आम्ही धरून ठेवला होता. “हां, ही जागा. हाच तो. बाई, हाच तो!” चोर ओळखावा तसे ते म्हणाले. त्यानंतर पुन्हा थोडी झोप, या वेळी मी थेंबाथेंबाने दिलेली, ६५ अंशांवर ६० सेकंद, मग कापसाची वात बुबुळाला लावून पापणी मिटते ना हे पाहणे, आणि पुन्हा एकदा तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले तर काका खाटेवर बसून उजव्या गालावरून तळहात फिरवत होते, अगदी सावकाश, वरून खाली. तिथे आता थोडा बधिरपणा होता आणि तो राहणार होता. याची किंमत म्हणून तो आधीच सांगून सही घेतलेली होती. कळ नव्हती. काही वर्षांनी ती परत येऊ शकते, हेही सांगितले होते. त्यांना त्या वेळी वर्षांचे काही पडलेले नव्हते. “खाली न्हावी असतो का हो इथं?” एवढेच त्यांनी विचारले.

मॅडमनी त्या प्रसंगावर माझी वेगळी शिकवणी घेतली नाही. मात्र पुढचे दोन महिने त्यांनी मला प्रोपोफॉलला हात लावू दिला नाही. प्रत्येक वेळी रुग्णाच्या डोक्याशी स्टुलावर बसवले आणि त्याच्याशी बोलत राहण्याचे काम दिले. हे काम फार अवघड असते. पोटावर पालथ्या पडलेल्या, पाठीत सुई असलेल्या माणसाशी काय बोलायचे? मी उसाच्या भावापासून सुनेच्या स्वैपाकापर्यंत सगळे बोलायला शिकले, आणि त्या बोलण्यात आवाज कधी ताणला जातो, श्वास कधी अडकतो, हे सुई घालणाऱ्याला खुणेने सांगायला शिकले.

बाकीचे शिक्षण पुष्कळ होते, ते थोडक्यात सांगते. कमरेच्या पाचव्या नसेच्या मुळाशी सुई पोहोचली, मागे ओढून पाहिले, रक्त आले नाही, तरीही कॉन्ट्रास्ट, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडताच तो धुरासारखा क्षणात वर निघून गेला, म्हणजे टोक रक्तवाहिनीत होते. मागे ओढून रक्त न येणे ही खात्री नव्हे, हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्या धुराने ते मनावर कोरले. मानेत अशाच चुकीने दाणेदार स्टेरॉइड रक्तवाहिनीत गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याविषयी इशारा दिला, आणि आमच्याकडे मानेसाठी न साकळणारे डेक्सामेथासोनच वापरत. आणखी एकदा, रुग्ण टेबलावर निजल्यानंतर कळले की ते क्लोपिडोग्रेल घेतात. मी ‘ब्लड थिनर घेता का’ असे विचारले होते आणि ते नाही म्हणाले होते. ‘हृदयाची, रक्त पातळ व्हायची गोळी’ असे विचारायला हवे होते. गोळी बंद करून सात दिवस थांबावे लागते, आणि तीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच बंद करायची. ते गृहस्थ दीडशे किलोमीटरवरून आले होते. त्यांनी मला जे ऐकवले ते रास्तच होते.

कर्करोगाचे रुग्णही येत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत आरपार जाणारी वेदना असते, आणि पोटातल्या मुख्य धमनीपुढच्या नसांच्या जाळ्यात अल्कोहोल सोडून ती बरीच कमी करता येते. मॉर्फीनही कमी लागते. पण मॉर्फीन लागतेच. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातल्या निरनिराळ्या परवान्यांच्या धास्तीने आपल्याकडची रुग्णालये ते ठेवायचीच नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेला ते सोपे केले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी अजून डॉक्टरच ते लिहायला कचरतात. सुई शिकायला आलेल्या आम्हाला मॅडम मॉर्फीनच्या गोळीचा हिशेब आधी शिकवत, आणि त्यात चूक झाली तर सी-आर्मच्या खोलीत येऊ देत नसत.

सोलापूरला परतल्यावर मी यंत्र घेतले नाही. परिचयाच्या काहींनी दोन दिवसांची कार्यशाळा करून, प्रमाणपत्र भिंतीवर लावून, कर्जावर सी-आर्म आणि रेडिओफ्रीक्वेन्सीचे यंत्र घेतले आहे. यंत्राचा हप्ता दर महिन्याला येतो आणि तो रुग्णाच्या पाठीतूनच फेडावा लागतो. हे मत कडवट वाटेल, पण त्यावर मी ठाम आहे. मी एका नर्सिंग होममध्ये शनिवारी दुपारची एक खोली मागून घेतली आहे. सुईची गरज असेल त्या दिवशी त्यांचे सी-आर्म मोकळे असले तर तिथे, नाहीतर रुग्ण पुण्याला. भूल देणे सुरूच आहे. घर त्यावरच चालते.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी शहराच्या पूर्वभागातून एक विडी कामगार बाई आल्या. पन्नाशीच्या, बोलणे तेलुगू, मराठी कामापुरते. सोबत नातू आणि एका मोठ्या पाकिटात मानेचा एमआरआय. मानेच्या दोन चकत्या फुगलेल्या होत्या, आणि मानेत सुई घ्यावी लागेल असे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यासाठीच त्या आल्या होत्या. नातू म्हणाला, “हात दुखतो म्हणते.” मी म्हटले, तू सांगू नकोस, त्यांना विचार आणि त्या म्हणतील तो शब्द मला तसाच दे. त्या म्हणाल्या, “तिम्मिरी.” मी तो शब्द केसपेपरवर लिहिला. तिम्मिरी म्हणजे मुंग्या, बधिरता. कधी? रात्री. मग काय करता? त्यांनी उजवा हात मनगटापासून झटकून दाखवला, थर्मामीटर झटकावा तसा. करंगळीला होते का? नाही, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे.

मी एमआरआय परत पाकिटात घातला आणि विडी कशी वळता ते दाखवा म्हटले. पान नव्हते, तंबाखू नव्हती, तरी त्यांचे हात चालू लागले. कात्रीने पान कापले, तंबाखू पसरली, बोटांत गुंडाळले, आणि टोक अंगठ्याच्या नखाने आत दाबताना मनगट वाकले तिथे त्या थांबल्या. डाव्या हाताचे बोट त्यांनी तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या घडीवर टेकवले.

“इक्कडा,” त्या म्हणाल्या. नातू सांगायला लागला, “इथं म्हणते,” पण ते मला कळले होते.